शेततळ्याच्या कागदाला ‘५ वर्षं गॅरंटी’ कशाच्या जोरावर देतात? ५ वर्षं थांबून बघतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: तळ्यातलं पाणी मुरू नये म्हणून अंथरायचा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा, प्लास्टिकचा कागद घ्यायचाय, एक विक्रेता ५ वर्षं सांगतो, दुसरा तेवढ्याच मायक्रॉनचा माल स्वस्तात देऊन १० वर्षं सांगतो, आणि दुसऱ्याचा कारखाना सुरू होऊनच १० वर्षं झालेली नाहीत. मग हे आकडे येतात कुठून?

मी प्लास्टिक तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. पाईप, ठिबकच्या नळ्या, शेततळ्याचे कागद हा आमचा रोजचा माल. सरळ सांगते, वर्षं कुणी मोजत नाही. मोजतात ते कागदात संरक्षक रसायन किती आहे आणि ते किती वेगाने संपतंय हे. त्यावरून वर्षांचा अंदाज बांधता येतो. बिलावर छापलेला आकडा मात्र पुष्कळदा शेजारच्या दुकानदाराचा आकडा बघून ठरलेला असतो.

आधी कागद खराब कसा होतो ते बघू, कारण सगळ्या चाचण्या त्यावरूनच निघाल्या आहेत. हा कागद पॉलिथिलीन या प्लास्टिकचा असतो, आणि पॉलिथिलीन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. अगदी शुद्ध पॉलिथिलीन उन्हातले अतिनील किरण शोषतच नाही म्हटलं तरी चालेल. पण कारखान्यात प्लास्टिकचा दाणा २०० अंशांच्या आसपास वितळवताना काही साखळ्यांना ऑक्सिजन चिकटतो, उत्प्रेरकाचे अंशही मागे राहिलेले असतात. किरण तिथे शोषले जातात आणि साखळी तुटते. तुटलेलं टोक हवेतला ऑक्सिजन पकडतं, शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढतं आणि तिलाही बिघडवतं. यातून जे हायड्रोपेरॉक्साइड तयार होतं ते पुढे फुटून आणखी तुटकी टोकं देतं. म्हणजे बिघाडाची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. रबरावर काम करताना बोलँड आणि जी या ब्रिटिश संशोधकांनी १९४० च्या दशकात ही साखळी मांडली, आणि आजही आम्ही त्याच पायावर उभे आहोत.

याला आळा घालायला दाण्यात अँटिऑक्सिडंट मिसळतात, उन्हासाठी हिंडर्ड अमाइन जातीचे स्टॅबिलायझर घालतात, आणि काळ्या कागदात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळी, असतो. यातलं अँटिऑक्सिडंट कणगीतल्या ज्वारीसारखं आहे. कणगीत ज्वारी आहे तोवर बाहेरून घर तसंच दिसतं, ती संपली की मग उपास सुरू होतो. म्हणून तीन-चार वर्षं ठणठणीत दिसलेला कागद एखाद्या उन्हाळ्यात अचानक तडकायला लागतो आणि शेतकरी म्हणतो, ‘परवापर्यंत तर चांगला होता.’ हाताला चांगला होता, पण त्यातलं रसायन कधीच संपलं होतं.

आता मोजतात कसं. सगळ्यात कामाची चाचणी म्हणजे ओआयटी, ऑक्सिडेशन इंडक्शन टाइम. कागदाचा ५ मिलिग्रॅमच्या आसपासचा तुकडा, टिकलीएवढा, ॲल्युमिनियमच्या इवल्याशा ताटलीत ठेवायचा. यंत्रात नायट्रोजन सोडून तो २०० अंशांपर्यंत तापवायचा. प्लास्टिक वितळतं, पण ऑक्सिजन नसल्यामुळे जळत नाही. मग नायट्रोजन बंद करून ऑक्सिजन सुरू करायचा आणि घड्याळ लावायचं. स्क्रीनवर रेघ सपाट चालत राहते. अँटिऑक्सिडंट शिल्लक असेपर्यंत ती सपाटच राहते. ते संपलं की प्लास्टिक ऑक्सिजन घ्यायला लागतं, उष्णता बाहेर पडते आणि रेघ सरळ वर उडते. त्या क्षणापर्यंत गेलेली मिनिटं म्हणजे ओआयटी. पाण्याच्या एचडीपीई (जास्त घनतेच्या पॉलिथिलीनच्या) पाईपला आयएस ४९८४ या भारतीय मानकानुसार किमान २० मिनिटं लागतात. जाड जिओमेम्ब्रेनसाठी, म्हणजे पाणी अडवायला अंथरायच्या जाड प्लास्टिक पत्र्यासाठी, जगभर वापरला जाणारा जीएम-१३ हा निकष किमान १०० मिनिटं मागतो. रिप्रोसेस दाण्याचा, म्हणजे जुनं प्लास्टिक पुन्हा वितळवून केलेला, माल लावला तर बरेचदा ऑक्सिजनचा कॉक फिरवून खुर्चीत बसेपर्यंत रेघ उडालेली असते.

पण नुसत्या या आकड्यावर भुलू नका. स्वस्तातलं एखादं फिनॉलिक अँटिऑक्सिडंट जरा जास्त टाकलं की २०० अंशांवरचा ओआयटी छान वाढतो, उन्हात मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. उलट उन्हासाठीचे खरे रखवालदार, ते हिंडर्ड अमाइन, इतक्या तापमानाला कामच करत नाहीत, त्यामुळे या चाचणीत ते दिसतही नाहीत. त्यांच्यासाठी १५० अंशांवर, ऑक्सिजनचा दाब बराच वाढवून वेगळी चाचणी करतात, हाय प्रेशर ओआयटी. तिथे जीएम-१३ ची अपेक्षा किमान ४०० मिनिटांची आहे.

म्हणून ताज्या मालाच्या आकड्यापेक्षा मी पुढचा आकडा आधी बघते. कागद ८५ अंशांच्या ओव्हनमध्ये ९० दिवस ठेवायचा आणि मग पुन्हा ओआयटी काढायचा. साध्या ओआयटीपैकी किमान ५५ टक्के, किंवा हाय प्रेशरवाल्यापैकी ८० टक्के शिल्लक हवा. दुसरा नमुना अतिनील दिव्यांच्या पेटीत जातो: २० तास दिवे चालू आणि ७५ अंश, मग ४ तास दिवे बंद करून ६० अंशांना दव धरू द्यायचं, असं एकूण १६०० तास, म्हणजे साधारण ६७ दिवस. त्यानंतर हाय प्रेशर ओआयटी निम्मा तरी उरला पाहिजे.

‘मग ९० दिवसांवरून ५ वर्षं कशी काढली?’ असं तुम्ही विचारालच. दर १० अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम. त्यामागचं मूळ सूत्र स्वांते अरेनियसचं, १८८९ सालचं. समजा तुमच्या तळ्यातला कागद सरासरी ४५ अंशांना असतो. ओव्हन त्याहून ४० अंश गरम, म्हणजे दुपटीच्या चार पायऱ्या, वेग १६ पट. ९० गुणिले १६ म्हणजे १४४० दिवस, जवळपास ४ वर्षं. कागदावर हिशोब झकास दिसतो. पण प्रत्येक मालाचा वेग दुपटीनेच वाढतो असं नाही, आणि ओव्हनमध्ये ऊन नसतं, पाणीही नसतं. पाणी अँटिऑक्सिडंट हळूहळू धुऊन नेतं. दिव्यांच्या पेटीतल्या तासांचं वर्षांत रूपांतर तर मी कुणाला लिहून देत नाही. ती पेटी दोन कागदांची तुलना करायला उत्तम आहे, तिला पंचांग समजू नये.

जागाही महत्त्वाची. जर्मनीत वर्षभरात जेवढी सूर्यशक्ती जमिनीवर पडते त्याच्या दीडपटीहून जास्त आपल्या महाराष्ट्रात पडते. त्यामुळे ‘युरोपात इतकी वर्षं टिकला’ हे वाक्य अहिल्यानगरच्या किंवा जालन्याच्या तळ्याला जसंच्या तसं लागू होत नाही. उलटपक्षी मातीखाली झाकलेला, ऊन न लागणारा जाड एचडीपीई पत्रा अमेरिकेतल्या जिओसिंथेटिक इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार २० अंशांना चारशेहून जास्त वर्षं टिकू शकतो, आणि तोच ४० अंशांना सत्तरच्या आसपास. तापमानाने काय फरक पडतो तो इथे दिसतो. तुमच्या तळ्यातही हेच बघायला मिळेल: पाण्याखालचा तळ शाबूत आणि पाण्याच्या रेषेच्या वरचा उघडा पट्टा आधी जातो. मे महिन्यात तळं आटलेलं असताना काळा कागद हात ठेववत नाही इतका तापतो. त्यातही घड्या, कोपरे आणि वेल्डिंगची कड या ठिकाणी ताण असतो, तडा तिथून सुरू होतो. काठाच्या चरात कागद ताणून पुरणारे कारागीर मला अजिबात आवडत नाहीत. थंडीत कागद आकसतो, तेव्हा सगळा ताण वेल्डिंगवर येतो.

आता कार्बन ब्लॅक. काळा रंग शोभेसाठी नसतो, तोच सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा छत्रीवाला. प्रमाण २ ते ३ टक्के. त्याहून कमी असेल तर किरण आत शिरतात. आम्ही नमुना नायट्रोजनमध्ये ५५० अंशांना तापवतो, प्लास्टिक उडून जातं आणि काजळी उरते, तिचं वजन करतो. मग हवेत जाळून काजळीही घालवतो. त्यानंतर जी पांढरट राख उरते ती म्हणजे फिलर, बहुतेक वेळा खडूची पावडर. स्वस्त मालाची गोम इथे उघडी पडते. प्रमाण बरोबर असूनही काजळी नीट पसरलेली नसली तर उपयोग नाही. मायक्रोटोमने पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काळ्या गुठळ्या आणि त्यांच्यामधून येणारा उजेड स्पष्ट दिसतो. तिथून ऊन आत जाणारच.

जाता जाता: पॉलीहाऊसचा पारदर्शक कागद किंवा द्राक्षावरचं प्लास्टिक आच्छादन असेल तर तिथे कार्बन ब्लॅक चालत नाही, सगळी मदार हिंडर्ड अमाइनवर. आणि हे अमाइन आम्लापुढे निकामी होतं. भुरीसाठी गंधक मारता, ते कागदावर बसतं, ऊन आणि ओलाव्यात त्याचं आम्ल होतं आणि स्टॅबिलायझर आपलं काम सोडतं. आम्लाला दाद न देणारे वेगळ्या जातीचे अमाइन मिळतात, महाग असतात. ऑर्डर देताना ‘आम्ही गंधक वापरतो’ हे विक्रेत्याला आधी सांगा. आच्छादनाच्या गॅरंटीच्या बारीक अक्षरांत बहुधा ही अट सापडेल.

  

तुम्ही घरी काय बघू शकता? कागदाचा एक चौरस मीटर कापून वजन करा. ५०० मायक्रॉनचा चांगला एचडीपीई कागद साधारण ४७० ग्रॅम भरतो. जाडी मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजा, नुसत्या वजनावर जाऊ नका, कारण फिलर घातला की पातळ कागदही वजनदार होतो. मग लहान तुकडा साबणाच्या बोटाने पुसून साध्या पाण्यात बुडवून सोडा. पॉलिथिलीन पाण्याहून हलकं, ते वर यायला हवं. तळाशी बसलं तर खडू १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे, नाहीतर तो माल पॉलिथिलीनच नाही. तरंगला म्हणजे मात्र सगळं ठीक असं नव्हे, रिप्रोसेस मालही तरंगतो. तो पकडायला ओआयटीच लागतो.

जीएम-१३ मुळात ०.७५ मिलिमीटर आणि त्यापुढच्या जाडीसाठी आहे, त्यामुळे ५०० मायक्रॉनचा विक्रेता ‘ते आम्हाला लागू नाही’ म्हणू शकतो, आणि नियमाने त्याचं खरं आहे. विणलेल्या लॅमिनेटेड कागदासाठी आयएस १५३५१ हे भारतीय मानक वेगळं आहे. तरीही चाचण्या त्याच करता येतात. पातळ कागदात रसायन लवकर संपतं, म्हणून तुमच्यासाठी त्या जास्तच गरजेच्या.

विक्रेत्याकडे तुमच्याच बॅचचा रिपोर्ट मागा, त्यात चार आकडे हवेत: ओआयटी, ओव्हननंतर उरलेला ओआयटी, कार्बन ब्लॅकची टक्केवारी आणि राख. ‘हा आमच्या कंपनीचा रिपोर्ट’ म्हणून तीन वर्षांपूर्वीची झेरॉक्स पुढे केली तर तो माल तुमचा नाही हे समजा. रक्कम मोठी असेल तर स्वतःच एक तुकडा छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेला किंवा एनएबीएल मान्यता असलेल्या कुठल्याही प्रयोगशाळेत द्या. ओआयटी, काजळी आणि राख या तीनच चाचण्या आधी करून घ्या, ओव्हनच्या ९० दिवसांसाठी थांबायला तुमच्याकडे वेळ नसणार. आणि कागद अंथरल्यावर उरलेला हातभर तुकडा, बॅच नंबर लिहून, घरात अंधारात ठेवून द्या. उद्या गॅरंटीवरून वाद झालाच तर तळ्यातल्या तुकड्याशेजारी तुलनेला मूळ माल हाताशी असेल.