रुग्णाने नकारपत्रावर सही केली, की रुग्णवाहिका कर्मचाऱ्याची जबाबदारी संपते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. रुग्णाने रुग्णालयात येण्यास नकार देऊन तशी लेखी सही दिली, तर रुग्णवाहिकेवरील कर्मचारी कायद्याने मोकळा होतो का; आणि कामावर नसताना वाटेत अपघात दिसला, तर थांबणे बंधनकारक आहे का. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे आणि ते मी चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलासमोर बसून शिकलो आहे.

नोकरीचे तिसरे वर्ष होते आणि माझ्याबरोबर बारा वर्षे या कामात मुरलेले एक ज्येष्ठ सहकारी होते. पहाटे दोनच्या सुमारास शेजाऱ्यांनी फोन केल्यावरून आम्ही एकट्याने राहणाऱ्या सत्तरीतील एका मधुमेही गृहस्थांकडे पोहोचलो. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. हाक मारली की डोळे उघडत, पण बोलणे असंबद्ध होते. रक्तातील साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरने 38 दाखवले, म्हणजे साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली होती. शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिलिलिटर, म्हणजे 25 ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत आजोबा उठून बसले, त्यांनी चष्मा मागितला, आम्ही आत कसे आलो याची चौकशी केली आणि रुग्णालयात येणार नाही असे ठणकावून सांगितले. पुन्हा मोजलेली साखर 142 होती. सहकाऱ्यांनी नकारपत्र पुढे केले. आजोबांची सही चौकट सोडून खालच्या छापील ओळीवर चढली, हे मला आजही दिसते.

त्याच वेळी उशाशी पडलेले गोळ्यांचे पाकीट मी उचलून पाहिले होते. त्यावर ग्लिमेपिराइड लिहिले होते. या गटातील गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात आणि त्यांचा अंमल दिवसभर टिकू शकतो. आपण शिरेतून दिलेली साखर मात्र फार वेळ पुरत नाही. म्हणूनच अशा रुग्णाची साखर एकदा वर आली तरी काही तासांत पुन्हा कोसळण्याची भीती असते आणि त्याला देखरेखीखाली ठेवावे लागते. त्यातच आजोबा दुपारपासून जेवलेले नव्हते. मी पाकीट सहकाऱ्यांना दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “सही झाली ना? मग आपण सुटलो.” मी काही न बोलता पिशवी उचलली.

सकाळी सहा वाजता त्याच पत्त्यावर दुसरी गाडी गेली, तेव्हा आजोबा बेशुद्ध होते आणि त्यांना झटके येत होते. ते वाचले, परंतु त्यांची स्मरणशक्ती पूर्ववत झाली नाही. कुटुंबीयांनी तक्रार केली. चौकशी अधिकाऱ्याने सहीकडे एकदा पाहिले आणि ती बाजूला ठेवली. त्याचे प्रश्न वेगळेच होते. रुग्ण शुद्धीवर आल्यापासून सहीपर्यंत किती मिनिटे गेली? वेळेचा रकाना कोरा होता. ‘रुग्णाला समजावलेले धोके’ या रकान्यात काय लिहिले आहे? तोही कोरा होता. गोळीबद्दल कोणाला माहीत होते? मला होते, असे मी सांगितले.

माझ्या सहकाऱ्यांचा युक्तिवाद असा होता, आणि त्यांनी तो आजतागायत सोडलेला नाही, की रुग्णाने आपले नाव, वार आणि ठिकाण बरोबर सांगितले, तो सज्ञान होता, मग त्याचा नकार अंतिम. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. 1914 साली न्यूयॉर्कमधील एका गाजलेल्या निकालात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी लिहून ठेवले आहे की, सज्ञान आणि शाबूत बुद्धीच्या प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचे काय करायचे ते ठरवण्याचा हक्क आहे. त्याच परिच्छेदात त्यांनी अपवादही नोंदवला आहे: रुग्ण बेशुद्ध असेल आणि संमतीची वाट पाहण्याइतका वेळ नसेल, तर गोष्ट वेगळी. भारतात हेच तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम 30 मध्ये आहे. त्यामुळे साखर 38 असताना आम्ही सुई टोचली, ती गृहीत संमतीवर, आणि त्याबद्दल कोणी बोट दाखवले नाही.

प्रश्न आहे तो शुद्धीवर आल्यानंतरच्या नकाराचा. इंग्लंड आणि वेल्सच्या 2005 च्या मानसिक क्षमतेविषयीच्या कायद्यात निर्णयक्षमतेसाठी चार गोष्टी पाहिल्या जातात: दिलेली माहिती समजणे, ती लक्षात ठेवणे, तिचा विचार करून बरेवाईट तोलणे आणि निर्णय कळवणे. रुग्णाचा निर्णय आपल्याला मूर्खपणाचा वाटला, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही, हेही तोच कायदा सांगतो. परंतु या चारही गोष्टी ‘माहिती’ या शब्दावर उभ्या आहेत. आज कोणता वार आहे हे सांगता आल्याने, ‘गोळीचा अंमल अजून उतरलेला नाही, झोपेत साखर पुन्हा उतरेल, तुम्ही घरी एकटे आहात’ हे रुग्णाला कळले असे सिद्ध होत नाही, आणि आजोबांना ते कोणी सांगितलेच नव्हते. नकारपत्राची सही हा अशा संभाषणाचा पुरावा असतो. संभाषणच झाले नसेल, तर ती कशाचा पुरावा मानायची? निष्काळजीपणाचा निवाडा करताना, तेवढेच प्रशिक्षण घेतलेल्या दुसऱ्या सावध कर्मचाऱ्याने त्या ठिकाणी काय केले असते, हे पाहिले जाते आणि तिथे आम्ही दोघेही कमी पडलो होतो.

याचा अर्थ नाही म्हणणाऱ्याला उचलून स्ट्रेचरवर घालावे, असा मुळीच घेऊ नका. क्षमता असलेल्या रुग्णावर जबरदस्ती करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. धोका त्याच्या भाषेत सांगावा, त्याच्याकडूनच तो परत वदवून घ्यावा, सेवेच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावावे, जवळच्या माणसाला बोलावून घ्यावे, रुग्णाला आपल्यासमोर काही खायला लावून साखर पुन्हा मोजावी आणि हे सगळे वेळेसह लिहावे. एवढे करूनही तो नाही म्हणाला, तर त्याचा मान राखून परत यावे आणि पुन्हा फोन करण्यास संकोचू नका, असे सांगून यावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण कोणत्या देशात आहात यावर अवलंबून आहे. फ्रान्स आणि जर्मनीत संकटातील माणसाला शक्य असूनही मदत न करणे हा कोणाही नागरिकासाठी गुन्हा आहे. इंग्रजी परंपरेच्या कायद्यात सहसा तशी सक्ती नाही. मात्र एकदा हात घातला, की रुग्णाला वाऱ्यावर सोडता येत नाही. अशा मदतनीसांना संरक्षण देणारा कायदा कॅलिफोर्नियात 1959 साली आला. भारतात 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले. हे संरक्षण स्वेच्छेने आणि मोबदल्याविना मदत करणाऱ्याला आहे. ड्युटीवर असताना त्याचा आधार घेता येणार नाही. तिथे कॉल स्वीकारला की जबाबदारी सुरू होते. मी स्वतः नेहमी थांबतो.

अल्पवयीन मुले, नशेतील व्यक्ती आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेले रुग्ण यांच्या नकाराला वेगळे नियम लागतात. मी वकील नाही, तेव्हा आपल्या सेवेची लेखी कार्यपद्धती रुजू होण्याआधीच मागून घ्यावी.

माझ्या सहकाऱ्यांचा शेवटचा मुद्दा असा होता की, एका रुग्णापाशी अर्धा तास बसून चालत नाही, कारण दुसरे कॉल खोळंबतात. मी नियंत्रण कक्षातील त्या रात्रीची नोंदवही नंतर पाहिली. आमच्या गाडीला पुढचा कॉल 50 मिनिटांनी आला होता. तोवर आम्ही गाडीतच बसून होतो.