साडी दारात नेऊन का बघावी लागते?

प्रश्न : आमचं पैठणीचं दुकान आहे. छताला दोन बाय दोनचे पांढरे एलईडी पॅनल लावलेत. उजेड भरपूर आहे, तरी गिऱ्हाईक साडी घेऊन दारात जातं. आत विटकरी वाटलेला रंग बाहेर कुंकवासारखा लाल निघतो. जरही आत मेल्यासारखी दिसते. पॅनल वाढवावेत का? – साडीविक्रेते, येवला

उत्तर : मुळीच नको. तुमच्याकडे उजेड कमी नाही, त्या उजेडात लाल कमी आहे. स्वस्त पांढऱ्या एलईडीत गडद लाल फारच थोडा असतो. दिव्यातच जो रंग नाही तो साडीवर कुठून दिसणार? खोक्यावर ‘सीआरआय ८०’ छापलेलं असतं, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, पण ती आठ फिक्या रंगांची सरासरी. गडद लाल त्यात धरतच नाहीत, त्याचा आकडा वेगळा : आर९. सीआरआय ९०च्या वर, आर९ किमान ५० आणि ६५००ऐवजी ४००० केल्विन (उजेडाच्या छटेचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर) असा दिवा मागा. आधी एकच आणा. त्याखाली मरून आणि राणी रंगाचे तुकडे ठेवा, तेच भर दुपारी सावलीत बघा, मगच बाकीचे घ्या.

जरीचं दुखणं निराळं. पॅनलचा उजेड चहूकडून सारखा पडतो, त्यात जर चमकत नाही. तिला एका बाजूनं येणारा झोत लागतो. गादीच्या दोन्ही अंगांना छतावर ट्रॅक (दिवे अडकवायची पट्टी) घ्या आणि २४ अंशांत झोत पसरणारे स्पॉट ३० अंश कलते करून गादीवर रोखा. आठ फुटांवरून साधारण साडेतीन फुटांचं वर्तुळ पडतं, जवळपास अख्खा पदर त्यात मावतो. गिऱ्हाइकाच्या पाठीमागून झोत नको. ते पदरावर वाकलं की त्याचीच सावली पडते. स्पॉट लागले की निम्मे पॅनल बंद करा, नाहीतर झोत असून नसल्यासारखा. आरशापाशी मात्र वरून उजेड घेऊ नका. डोळ्यांखाली खड्डे दिसतात आणि दोष बिचाऱ्या साडीला जातो. तिथे दोन्ही बाजूंना उभे, दुधी काचेचे दिवे लावा.

प्रश्न : कॅफेच्या काउंटरखाली १२ व्होल्टची एलईडी पट्टी आहे, पाच मीटरचे दोन रोल एकापुढे एक जोडून. शेवटचा भाग मंद जळतो, ड्रायव्हर (पट्टीला १२ व्होल्ट पुरवणारा डबा) दोनदा जळाला. खालच्या ग्रॅनाइटमध्ये ठिपके दिसतात. – कॅफेचालक, कोल्हापूर

उत्तर : पट्टी मीटरला १४.४ वॅटची असेल तर एक रोल ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. दोन्ही रोलचे १२ अँपिअर पट्टीतल्या पातळ तांब्यातून जातात. टोकापर्यंत व्होल्टेज उरत नाही. प्रत्येक रोलला ड्रायव्हरपासून २.५ चौरस मिमी तारांची स्वतंत्र जोडी ओढा. ड्रायव्हर १५० वॅटचा असेल तर तो कायम काठावर चालतो; २०० वॅटचा घ्या आणि बंद खणात कोंबू नका.

ठिपक्यांचं कारण चकचकीत ग्रॅनाइट. मीटरला ६० एलईडी असतील तर दोन ठिपक्यांत सुमारे १७ मिमी अंतर पडतं. दुधी झाकण असलेलं ॲल्युमिनियम प्रोफाइल (पट्टी बसवायची पन्हळ) निदान तेवढं खोल हवं. प्लायवर नुसती चिकटवलेली पट्टी तापून सुटते, कॉफी मशिनच्या वाफेजवळ तर आधी.