सिंकला जाळी लावूनही पाईप तुंबतोय, मग जाळीचा उपयोग काय?

उपयोग आहे आणि चांगलाच आहे, पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना की जाळी भरली की पाणी साचतं म्हणून जरा उचलून पाणी जाऊ देतो, सगळा घोळ तिथेच आहे बघा. जाळी उचलली की तिच्यात अडकलेली शितं, सालीचे तुकडे, चोथा, सगळं साचलेल्या पाण्याबरोबर भसकन खाली जातं. म्हणजे दिवसभर अडवलेलं एका क्षणात पाईपच्या हवाली केलं. पाणी साचलं तर जाळीला हात लावायचा नाही, चमच्याने नाहीतर बोटाने वरचं खरकटं बाजूला सारायचं, पाणी उतरू द्यायचं आणि पूर्ण उतरल्यावरच जाळी सरळ वर उचलून कचऱ्याच्या डब्यात उलटी आपटायची. नळाखाली धरून धुवायची ती त्यानंतर. खालच्या बाजूला बुळबुळीत थर धरतो, तो जुन्या टूथब्रशने उलट्या बाजूने घासला की निघतो, नुसत्या घासणीने भोकांतलं निघत नाही.

आता कोणती घ्यायची. विणलेल्या बारीक तारेची जाळी चहाचा चोथासुद्धा अडवते पण तेल आणि साबण मिळून तिच्यावर असा पडदा धरतो की सारखं पाणी तुंबतं, आणि मग माणूस वैतागून ती उचलतोच. ठोकून भोकं पाडलेली स्टीलची वाटीसारखी खोल जाळी मला जास्त पटते, चोथा तिच्यातून थोडाफार जातो पण चोथा मुळात सिंकमध्ये टाकायचाच कशाला, गाळणी डब्यावर झटकली की झालं. घेताना सिंकच्या भोकाचा वरचा व्यास पट्टीने मोजून जा, अंदाजाने आणलेली हमखास सैल बसते आणि कडेच्या फटीतून सगळं निसटतं. काठ सपाट टेकला पाहिजे, आणि फार हलकी नको, भांड्यातलं पाणी एकदम ओतलं की हलकी जाळी सरकते. मधोमध धरायला छोटी मूठ असेल तर उत्तम, तिरकी न करता उचलता येते.

पण एक गोष्ट कुठलीच जाळी अडवू शकत नाही, ती म्हणजे तेल तूप. गरम असताना ते पातळ असतं, आरामात जाळीतून जातं, पुढे पाईपात गार झालं की आतल्या भिंतीला थिजून चिकटतं आणि त्यावर मग जाळीतून सुटलेला एकेक कण बसत जातो. सिंकखाली पाईपला वाकवलेला भाग असतो तो ट्रॅप, गटाराचा वास वर येऊ नये म्हणून त्यात कायम पाणी राहतं, आणि जड गाळ बरोबर तिथेच बसतो. शितं तर पाण्यात अजून फुगतात, चिकट होतात. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागात 2017 साली गटारात सापडलेला चरबीचा गोळा 250 मीटर लांब आणि 130 टनांचा होता, त्यात ओले वाइप्स वगैरेही होते, पण मूळ माल हाच, घराघरातून वाहून गेलेली चरबी. त्यामुळे तेलकट कढई, तवा आधी कागदाने पुसायचा, कागद कचऱ्यात, मग भांडं घासायला घ्यायचं. हे केलं नाही तर जाळी कितीही भारी आणा, पाईप जरा उशिरा तुंबेल एवढंच.

आत्ता जे तुंबलंय त्याला जाळी काही करणार नाही. आधी प्लंजर, म्हणजे दांड्याला रबराची वाटी असलेला पंप, मारा, पण सिंकमध्ये रबर बुडेल एवढं पाणी ठेवून, आणि वर काठाजवळ जास्तीचं पाणी जायला ओव्हरफ्लोचं भोक असेल किंवा शेजारी दुसरं सिंक असेल तर त्याचं भोक ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो. नाही जमलं तर खाली बादली ठेवून ट्रॅप उघडा, बहुतेक प्लॅस्टिकचे ट्रॅप हातानेच फिरतात. उकळतं पाणी ओता असं सगळे सांगतात, पण पीव्हीसी पाईप एवढ्या उष्णतेने मऊ पडतो, हाताला सोसेल असं गरम पाणी पुरे. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस बघायला छान वाटतो, पण दोघं एकमेकांनाच मारून टाकतात, घट्ट बसलेल्या चरबीला विशेष काही होत नाही. पाईप मोकळा करायची कॉस्टिक सोड्याची पावडर टाकली असेल तर लगेच ट्रॅप उघडू नका, ते पाणी अंगावर आलं तर भाजतं, आणि त्यावर अ‍ॅसिड किंवा ब्लीच तर अजिबात ओतू नका.

ट्रॅप साफ करूनही पाणी हळूच उतरत असेल तर तुंबलंय ते भिंतीतल्या नाहीतर त्याच्या पुढच्या पाईपात, मग प्लंबरच बोलवा. तो यायच्या आधी बाथरूमचं पाणीही सावकाश जातंय का ते बघून ठेवा, कारण पहिला प्रश्न तो हाच विचारेल.