गोट्याला लंघन नको

प्रश्न : आमचा बोका गोट्या सहा वर्षांचा आहे, नसबंदी झालेली आहे. परवा लसीच्या वेळी वजन केलं तर ७.२ किलो भरलं! दिवसभर सोफ्यावर लोळत असतो. कोरड्या खाण्याची वाटी कायम भरलेली असते, शिवाय सासूबाई सकाळी साय घातलेलं दूध देतात. यजमान म्हणतात, दोन दिवस उपाशी ठेवला की आपोआप उतरेल. ठेवावं का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, आधी यजमानांना आवरा. माणसाला लंघन मानवतं, मांजराला नाही. त्यातून लठ्ठ मांजराला तर मुळीच नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगावरची चरबी यकृतात जाऊन साचते, यकृताला ती पेलवत नाही आणि कावीळ होते. यात मांजरं दगावतात. म्हणून वजन उतरवताना गोट्याने चोवीस तास खाण्याला तोंड लावलं नाही, तर ‘उद्या खाईल’ म्हणत बसू नका, डॉक्टर गाठा.

आता त्या कायम भरलेल्या वाटीबद्दल. नसबंदीनंतर मांजराची भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र कमी होते. अशा बोक्यापुढे दिवसभर वाटी ठेवायची आणि तो लोळतो म्हणून त्याला नावं ठेवायची, हे काही बरं नाही. गोट्याचं वजन साधारण ५ किलो असावं असं धरलं, तर ते उतरवण्यासाठी दिवसाला १८५ ते १९० कॅलरी पुरतात. कोरड्या खाण्याच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसाचं सगळं मिळून सुमारे ५० ग्रॅम. हे वाटीच्या अंदाजाने नाही, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजायचं. पहिल्यांदा मोजाल तेव्हा ‘एवढंसंच?’ असं तुमच्या तोंडून निघेलच. एवढंसंच. पण आज वाटीभर आणि उद्यापासून ५० ग्रॅम असं करू नका, दोन आठवड्यांत हळूहळू खाली या. आणि नेहमीचंच खाणं नुसतं कमी करण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून वजन उतरवण्यासाठीचं खास खाणं घेतलंत तर उत्तम. त्यात प्रथिनं पुरेशी असतात, त्यामुळे चरबी जाते, स्नायू टिकतात.

सासूबाईंचा मुद्दा नाजूक आहे, पण टाळता येणार नाही. अर्धा कप म्हशीचं दूध म्हणजे जवळजवळ १०० कॅलरी, साय वेगळी. गोट्याचा निम्म्याहून जास्त कोटा सकाळी सातलाच संपला! शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. तरीही दूध बंद करा म्हणून सांगू नका, उपयोग होत नाही. त्याऐवजी दिवसाचं मोजलेलं खाणं सकाळीच एका डब्यात काढून ठेवा आणि त्यातला सकाळचा घास सासूबाईंच्या हातून द्या. प्रेम त्यांचं, दाणे डब्यातले. डबा संपला की घरातल्या कुणीही काही घालायचं नाही. ताटातला माशाचा तुकडा, सुकट, ‘एक बिस्कीट तर दिलं’ हे सगळं त्यात आलं.

नुसतं उकडलेलं चिकन रोजचं जेवण म्हणून देऊ नका. त्यात कॅल्शियम पुरत नाही, टॉरिन या मांजराला अत्यावश्यक असलेल्या पोषकद्रव्याचाही भरवसा नसतो. आणि कांदा-लसूण घातलेला रस्सा तर मांजराला विषच.

डब्यातलं खाणं चार-पाच वेळा विभागून द्या. थोडे दाणे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेच्या खळग्यांत टाका, पंजाने काढून खाऊ दे. एक वाटा रात्री निजण्याआधी द्या, म्हणजे पहाटे चारची आरडाओरड कमी होईल. तरी ओरडलाच तर उठू नका. एकदा उठलात की रोज उठावं लागेल. जेवणाआधी पाच-दहा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळवा. शेवटी ते त्याच्या पंजात सापडू द्या, नाहीतर वैतागतो. खेळाने वजन फारसं उतरत नाही, पण अंग मोकळं होतं. वजन उतरतं ते काट्यामुळेच.

हे सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून रक्तातली साखर तपासून घ्या, कारण लठ्ठ बोक्यांना मधुमेह लवकर जडतो. तो पाणी जास्त पितो का, लघवी जास्त करतो का, हेही पाहून सांगा. आणि लिटर ट्रेमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये, बसून नुसताच कुंथतोय, लघवी होत नाही असं दिसलं, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तेव्हा रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

वजन आठवड्यातून एकदा करा. आधी तुम्ही एकट्या काट्यावर उभ्या राहा, मग त्याला घेऊन, आणि वजाबाकी करा. घरच्या काट्यावर थोडं मागेपुढे होणारच, म्हणून महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या काट्यावर ताडून पाहा. आठवड्याला ५० ते ७५ ग्रॅम उतरलं तरी भरपूर. म्हणजे आठ-दहा महिन्यांचं काम आहे. पोटाखाली लोंबणारी कातडी पाहून निराश होऊ नका, ती सडपातळ मांजरांनाही असते. त्यापेक्षा फासळ्यांवरून हात फिरवा. न दाबता त्या बोटांना लागायला लागल्या की जमतंय.

महिनाभर चोख मोजूनही काटा हलला नाही, तर शेजारी चौकशी करा. सोसायटीतले बोके दोन-तीन घरी जेवतात, आणि प्रत्येक घरी त्यांचं नाव वेगळं असतं.