उपवासकाळ आणि आईची शुगर

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही वसईचे. आई ६७ वर्षांची, डायबेटिस आहे, सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेते. गेल्या पावसाळ्यात बाबा गेले तेव्हापासून ती नीट झोपत नाही, कुणाशी फार बोलत नाही. यंदा राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून, सकाळ-दुपारचं खाणं बंद, रात्री फक्त पेज. परवा क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये घाम फुटला, हात थरथरले, खालीच बसली. अडवलं की म्हणते, प्रभूने चाळीस दिवस उपाशी काढले, मला एवढंही जमू नये का. तिची श्रद्धा दुखवायची नाहीये पण भीती वाटते हो. काय करू?

उत्तर: आधी शुगरचं बोलू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाहीये. ही गोळी घेतली की शरीर इन्सुलिन सोडतं, पोटात अन्न असो नसो, त्यामुळे तुम्ही सांगताय तो घाम आणि थरथर बहुतेक शुगर खाली गेल्याचीच. पुन्हा झालं तर लगेच मशीनवर बघा, ७० च्या खाली असेल (किंवा मशीन जवळ नसेल तरीही) तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा आणि मग काहीतरी खायला घाला. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. गोळीचा डोस स्वतःहून बदलू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि उपास चाललाय हे स्पष्ट सांगा, बरेच जण तेवढंच लपवतात. त्यात ईस्टर येतो मार्च-एप्रिलमध्ये, वसईत तेव्हा उकाडा, पाणी कमी पडलं तर चक्कर आणखी वाढणार.

आता श्रद्धेचं. कॅथलिक नियमाप्रमाणे उपासाचं बंधन वयाच्या १८ पासून ५९ पूर्ण होईपर्यंतच, तेही फक्त राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी, आणि त्या दिवशीही एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं चालतं. आजारी माणसाला तर सूट आहेच. म्हणजे आई जे करतेय ते चर्चने मागितलेलंच नाही. पण हे तुम्ही सांगू नका, फादरना घरी बोलवा आणि त्यांच्या तोंडून ऐकू दे, मुलांचं ऐकायला आया तयार नसतात.

मला खरी काळजी वाटते ती झोपेची आणि गप्प राहण्याची. बायबलमध्ये एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून झुडपाखाली पडतो, आता मरण दे म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही, भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत उठवून खायला लावतो. आईसोबत हा भाग बसून वाचा. तिच्या दुःखाला नवरा गेल्याचं दुःख म्हणूनच जागा मिळू दे, बाबांचा विषय घरात टाळू नका, उलट मुद्दाम काढा. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये ख्रिस्ती श्रद्धेतूनच काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन घराघरात पाठवलं. शेजारची, ओळखीची बाई येऊन बसते तेव्हा जे बोलणं निघतं ते दवाखान्यात निघत नाही. तुमच्या आळीतली तिची एखादी मैत्रीण संध्याकाळी रोज येऊन बसली, दोघींनी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) केली, थोडं चालून आल्या तर ते मी औषधाइतकंच महत्त्वाचं मानतो.

उपवासकाळ तिला पाळायचाच असेल तर मासे-मटण सोडू दे, टीव्ही सोडू दे, वाचलेले पैसे कुणा गरजूला देऊ दे, बायबलमधल्या यशयाच्या ५८व्या अध्यायात देवाला आवडणारा उपास म्हणून भुकेल्याला आपली भाकर देणंच सांगितलंय. आणि पुनरुत्थान झालेल्या येशूने थकलेल्या शिष्यांसाठी किनाऱ्यावर मासे भाजून ठेवले, या, न्याहारी करा म्हणाला, हेही तिला आठवण करून द्या. ईस्टरला तिला ताटावर बसवा, सगळ्यांसोबत, पोटभर.

तरीही दोनेक आठवड्यांत झोप आणि मन सुधारलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली तर त्याच दिवशी, वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, घरच्यांनीही फोन केलेला चालतो.