पोटगी थकली तरी भेट अडवू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पोटगी थकली म्हणून या शनिवारी मुलांना त्यांच्या बाबांकडे पाठवणार नाहीस, असं लिहिलंयस. तुझा राग रास्त आहे. फी, दूध, रिक्षाकाका, सगळं एकट्या पगारात भागवताना जीव मेटाकुटीला येतो. तरीही त्यांना पाठव.

पोटगी तुझ्या मुलांचा हक्क आहे आणि बाबांची भेटही त्यांचाच. एकासाठी दुसरा ओलीस धरायचा नाही. आदेशातली भेट अडवलीस तर कोर्टात तुझीच बाजू लंगडी पडेल. थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज कर. तुझा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा असेल (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४), तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नाहीतर त्या रकमेसाठी वसुलीचं वॉरंट निघत नाही. तेव्हा ‘देईल कधीतरी’ म्हणत थांबू नकोस. पासबुक भरून घे, कोणत्या महिन्याचे किती आले ते मांड आणि वकिलांना गाठ.

तिथे मारहाण, दारू असलं काही असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तसं असेल तर लगेच कोर्टात जा आणि देखरेखीखालची भेट माग.

बालवाडीत माझ्याकडे एक मुलगा होता. बाबांनी दिलेली गाडी तो दप्तराच्या तळाशी, स्वेटरखाली लपवायचा. ‘आईला दाखवू नका हं, ती रडते,’ म्हणायचा. चार वर्षांचं पोर आईला सांभाळत होतं! तुझ्या धाकट्यावर ही वेळ येऊ देऊ नकोस. तो परत आला की खोदून विचारू नकोस, जेवायला वाढ. खेळणं आणलं असेल तर बाकीच्या खेळण्यांतच ठेव. ‘बाबांना सांग, पैसे पाठवा’ हा निरोप थोरलीकडे तर कधीच देऊ नकोस.

या वयात मुलांना वाटतं, मी हट्ट केला म्हणून बाबा गेले. ‘तुझ्यामुळे नाही रे’ हे एकदा सांगून भागत नाही. आंघोळ घालताना, झोपवताना पुन्हापुन्हा सांग.

आणखी एक. घटस्फोटित आईच्या मुलांनाही राज्याच्या बालसंगोपन योजनेतून मदत मिळू शकते. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी कर. लाजायचं काही कारण नाही. अर्ज लिहिलास की मला दाखव, रविवारी मी घरीच आहे.

तुझी,
मावशी