पित्ताची गोळी सोडली आणि जास्तच जळजळायला लागलं

प्रश्न : मी कोपरीला राहतो, रोज ठाण्याहून लोकल. दोन वर्षं सकाळी चहाआधी पँटोप्रॅझोल घेतो. बायको मागे लागली म्हणून बंद केली तर आठवड्यात आधीपेक्षा जास्त जळजळ. पोटाला सवय लागली का? आई म्हणते थंड दूध पी. आणि अ‍ॅसिड कधी थांबवायचं हे पोटाला कळतं कसं?
– एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : शेवटचं आधी घेऊ, बाकीचं त्यातच आहे. मामलेदारच्या मिसळीचा नुसता वास आला ना, की घास तोंडात जायच्या आधीच मेंदू व्हेगस नसेतून पोटाला निरोप धाडतो. मग अन्न उतरलं की पोटाच्या खालच्या टोकाच्या पेशी गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन सोडतात, आणि गंमत बघा, हे गॅस्ट्रिन रक्तातून अख्ख्या शरीराला वळसा घालून परत पोटाच्याच वरच्या भागात येतं, तिथे हिस्टामिन सुटतं आणि अ‍ॅसिडचे पंप चालू.

ब्रेक कोण लावतं? अ‍ॅसिडच. जेवण पोटात असतं तोवर ते बरंचसं अ‍ॅसिड जिरवतं, पण अन्न पुढे सरकलं आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं अ‍ॅसिड जास्त) 3 च्या खाली गेला की शेजारच्याच पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडून गॅस्ट्रिनचं तोंड बंद करतात. लहान आतड्यात अ‍ॅसिड पोचलं की तिथूनही सिक्रेटिन येतं, तेही आवरा म्हणतं. (1902 मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी शोधलेलं हे सिक्रेटिनच, त्यावरूनच पुढे हार्मोन हा शब्द आला.)

आता तुमची गोळी. ती पंपच बंद पाडते, त्यामुळे अ‍ॅसिड कमी, म्हणून ब्रेकही लागत नाही आणि गॅस्ट्रिन वाढतच राहतं, हिस्टामिनवाल्या पेशीही वाढतात. गोळी थांबली की दोन-चार दिवसांत नवे पंप तयार, पण गॅस्ट्रिन अजून चढलेलंच! 2009 मध्ये डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात तर ज्यांना आधी काही त्रासच नव्हता अशांना 8 आठवडे याच जातीची गोळी दिली, सोडल्यावर 44 टक्के लोकांना अ‍ॅसिडिटीची लक्षणं आली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत 15 टक्के. तेव्हा ही सवय नाही, उसळी आहे, काही आठवड्यांत सहसा ओसरते.

पण एकदम सोडू नका, डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू उतरवा. अल्सर होऊन गेलेला असेल किंवा रोज पेनकिलर चालू असेल तर गोळी लागूही शकते. शी काळी होत असेल, घास अडकत असेल, वजन उतरत असेल तर मात्र लगेच दाखवा, आणि चालताना, जिना चढताना छातीत जळजळत असेल तर आधी ईसीजी, पित्त समजून बसू नका.

आईंचं दूध? घटकाभर गार वाटतं खरं, पण दुधातलं प्रोटीन आणि कॅल्शियम दोन्ही गॅस्ट्रिनला परत जागं करतात. आईंना हे तुम्हीच सांगा, मी नाही सांगत.